इतवारची गोळी

अक्काचा मणका मोडला तेव्हा काही आवाजबिवाज झाला नाही. चिटगुप्प्याच्या पुढं आमचं गाव. तिथल्या सरकारी शाळेत ती पोरांचं दुपारचं जेवण रांधायची. सांबाराचं पातेलं उतरवताना पाठीत काहीतरी दबल्यासारखं झालं, एवढंच. तिनं पातेलं ठेवलं, पोरांना वाढलं, भांडी घासली, घरी जाऊन आडवी झाली आणि मग उठताच येईना. मला फोन केला तिसऱ्या दिवशी. इतके दिवस का थांबलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुझी शाळा असतीया. कामून उगं तरास द्यावं?" असलं बोलणं ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मोडका मणका घेऊन पडून राहायचं आणि वर काळजी माझ्या शाळेची!

अक्का माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चौथीत होते. माझी वेणी घालण्यापासून माझ्या डीएडच्या फीपर्यंत सगळं अक्कानं केलं. तिचा नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. गावातल्या दोन खोल्यांत ती एकटी राहते आणि मी बिदरला, नौबादला. मराठी शाळेत शिकवते. कन्नड मुलखात मराठीतून शिकवणाऱ्या बाईला रोज कुणाशीतरी तोंड लावावंच लागतं, त्यामुळं माझी जीभ जरा जास्तच चालते. ते मला मान्य आहे.

बिदरच्या हाडाच्या डॉक्टरकडं तिला नेलं. त्यांनी फोटो दिव्यापुढं धरला आणि म्हणाले, "हाडं पोकळ झालीत. आज मणका गेला. पुढं मनगट, त्याच्यापुढं खुबा. खुबा मोडला की बाई खाटेला लागते." हे सगळं त्यांनी अक्कासमोरच सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. बाहेर आल्यावर अक्कानं माझा हात घट्ट धरला. "माझं एक ऐक," ती म्हणाली, "मला खाटंवर पडू दिऊ नगंस. कुणाच्या हातानं न्हाणीत जायची पाळी नगं यायला." जन्मभर तिनं दुसऱ्यांचं उचललं. स्वतःला कुणी उचलावं ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, हिचा खुबा मोडू द्यायचा नाही.

त्या दवाखान्यातल्या बाकावर आम्ही चार तास बसलो होतो. गळ्यात टाय आणि हातात चामडी बॅग असलेली औषध कंपन्यांची माणसं आमच्या डोळ्यांदेखत आत जात होती. पाय फ्रॅक्चर झालेला म्हातारा बाहेर कण्हतोय आणि आतून हसण्याचा आवाज येतोय. शी! शेवटी चिठ्ठी मिळाली. आठवड्याला एक गोळी, रोजची कॅल्शियमची गोळी, दुधात घालायची पावडर, पाठीला पट्टा. हे सगळं जिन्याखालच्या मेडिकलमध्ये. मी म्हटलं, आमच्या नौबादच्या ओळखीच्या मेडिकलमधून घेऊ, चार पैसे कमी करेल. त्यानं चिठ्ठी वाचली आणि परत दिली. "टीचर, या नावाची गोळी बिदरात त्यांच्या जिन्याखालीच मिळतीया." आणखी तीन दुकानं फिरले. तीच गत. म्हणजे लिहिणाराही तोच, विकणाराही तोच, आणि आपण मधे पाकीट उघडून उभे! भांडावंसं वाटलं. पण अक्का बाकावर बसून होती, पाठ भिंतीला टेकून. मुकाट्यानं जिन्याखाली गेले आणि घेतलं.

चार महिन्यांनी गावी गेले. मिरच्यांचा डबा काढायला फळीवर हात घातला तर दुसऱ्याच एका डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. बहुतेक गोळ्या तशाच होत्या. अक्का महिन्याला एक गोळी घेत होती.

"आठवड्याला एक सांगितलीय ना?"

"महाग हाय गं," ती म्हणाली. "आन् महाग औषिद जरासं घेतलं तरी लागतंय."

आमच्याकडं लोकांचा असा पक्का समज आहे. अत्तर जसं बोटाला लावलं तरी पुरतं, तसं महाग औषध. मी बडबडले, रागावले, पट्ट्या तिच्यापुढं आपटल्या. ती हळूच म्हणाली, "तू पैसे देतीस म्हणून मी चटणीसारखं खाऊ व्हय?" मी पट्ट्या गोळा करून परत डब्यात ठेवल्या.

मग मी स्वस्त गोळीच्या मागं लागले. जेनेरिक हा शब्द मी पेपरात वाचला होता, पण बिदरात विचारायला गेलं की लोक असं बघायचे जसं मी चोरीचा माल मागतेय. एका मेडिकलवाल्यानं सांगितलं, "ते ठेवत न्हाई आम्ही." दुसऱ्यानं जेनेरिक म्हणून जे दिलं, त्यावर छापलेली किंमत महागड्या गोळीइतकीच होती. "तुमच्यासाठी कमी करतो," म्हणून त्यानं माझ्यावर उपकार केले. तो कमीवाला आकडाही माझ्या तोंडाला पानं पुसणाराच होता, हे पुढं कळलं. जेनेरिकच्या नावानंसुद्धा लूट! जिकडं हात घालावा तिकडं चिखल.

शेवटी सरकारी दवाखान्याच्या रस्त्याला एक लहानसं स्वस्त औषधांचं दुकान सापडलं. काउंटरवर एक बाई. कानडी, पन्नाशीच्या आसपास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी महागड्या पट्टीचं कव्हर पुढं केलं. तिनं समोरचं ठळक नाव बघितलंसुद्धा नाही. पट्टी उलटी केली, मागची बारीक अक्षरं वाचली, आणि मागच्या फळीवरून एक साधी पांढरी पट्टी काढून दोन्ही शेजारी ठेवल्या. "वाचा तुम्हीच," म्हणाली. दोन्हीकडं तेच औषध, अॅलेंड्रोनेट, सत्तर मिलिग्रॅम. जिन्याखालच्या एका गोळीच्या पैशात इथं महिन्याभराच्या चार गोळ्या येत होत्या, वर सुटे परत.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण खरं सांगते, बसमध्ये बसल्यावर मी ती पट्टी चार वेळा काढून बघितली. इतकी फिकट का? अक्षरं अशी का? आपण मेल्या जाहिरातींनी इतके नासलो आहोत की खरी गोष्ट स्वस्तात मिळाली की आपल्यालाच ती खोटी वाटते.

पुढच्या तपासणीला मी ती पट्टी डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी दोन बोटांत धरली, मेलेलं झुरळ उचलावं तशी, आणि माझ्याकडं सरकवली. "घ्या तुम्हाला पाहिजे ते. मग हाड मोडलं तर माझ्याकडं यायचं नाही." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, औषधाचं नाव तेच हाय का न्हाई, तेवढं सांगा." ते म्हणाले, "नाव सगळ्यांचं सारखंच असतंय. गुण येतो का बघा." बाहेर पडताना जिन्याखालचा माणूस मोठ्यानं बोलला, चार पेशंटांनी ऐकावं म्हणून. "टीचर, पगार घेता एवढा, आन् सख्ख्या बहिणीला राशनची गोळी चारता?"

त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं होतं. थुंकले नाही, पण बोलले मात्र भरपूर. "राशनचं तांदूळ खाऊनच मी शिकले, आन् तुझ्यासारखी शंभर पोरं शिकवली," असं काहीतरी. तो दवाखाना आमचा तिथं संपला. "राशनची गोळी" हा शब्द मात्र माझ्याआधी गावात पोचला. शेजारणी अक्काला विचारायच्या, "राशनची गोळी घेतीस म्हणं? तांदळासारखे खडे निघत्यात का त्यात?" आणि हसायच्या.

याच बायांनी त्या पावसाळ्यात काय केलं ते सांगते. कुठल्यातरी औषध कंपनीच्या लोकांनी आमच्या बुद्धविहारात हाडांची मोफत तपासणी ठेवली. इतवारची वंदना झाल्या झाल्या सतरंज्या गुंडाळल्या आणि तिथंच टेबल मांडलं. टाच एका यंत्रात घालायची, यंत्र टिर्र करणार, आणि माणूस मान हलवून सांगणार, "हाडं कच्ची." दिवसभर खुरपणी करणाऱ्या, तिशीतल्या धडधाकट बायासुद्धा कच्च्या! एकीचंही हाड पक्कं निघालं नाही. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याच कंपनीच्या कॅल्शियमच्या पुड्या विकायला. त्या इतवारी मी गावी मुक्कामाला होते; उभी राहून म्हटलं, एक तरी पक्कं हाड दाखवा, मग पुड्या विका. बाया माझ्यावरच उलटल्या. "फुकट तपासायल्यात, तुझं काय जायलंय?" मजुरीच्या पैशांतून पुड्या घेतल्या सगळ्यांनी. विहाराच्या फरशीवर, जिथं आम्ही डोकं टेकतो, तिथं हा धंदा! मला त्या दिवशी घरी येऊन जेवण गेलं नाही.

अक्कानं पुडी घेतली नाही. ती माझी गोळी घ्यायची. पण त्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या बघितल्यापासून माझा तिच्यावर विश्वास राहिला नव्हता. म्हणून पट्टी मी माझ्याजवळ ठेवली आणि दर इतवारी एक गोळी स्वतः घेऊन जायला लागले. पहाटेची बस धरायची, चिटगुप्प्याला उतरून गावाची बस. ती बस पुढच्या गावाला जाऊन पाऊण तासानं माघारी यायची, तेवढा वेळ मला अक्काकडं मिळायचा. ती चुकली तर दुपारपर्यंत बस नाही. आणि घरी आठवड्याचं धुणं, पेपरांचे गठ्ठे, अकराला माझ्याकडं शिकवणीच्या मुली. त्यामुळं माझं सगळं धावतपळत. दारातून आत गेले की चप्पल काढायच्या आधी स्टो पेटवायचा, चहा टाकायचा. अक्का तोवर उपाशीच बसलेली असायची, कारण गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते हे मला माहीत होतं. चहा ओतला की पिशवीतून गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवायची, आणि घोट घेऊन ती घशाखाली जाताना डोळ्यांनी बघायची. मग तिनं आठवडाभर साठवलेलं सगळं भराभरा सांगायचं, मी अर्धं ऐकायचं, आणि बसचा हॉर्न वाजला की उठायचं.

दोन वर्षं हे चाललं. एकही इतवार मी चुकवला नाही. चुकवला नाही याचा मला गर्व होता, आणि तो मी शाळेतल्या बायांना ऐकवायचे. डॉक्टर लुटतात, मेडिकलवाले लुटतात, पण मी माझ्या हातानं बहिणीची हाडं राखलीत, असं.

मग एका सकाळी अक्का नळावर घसरली. शाहाबादी फरशी, तिच्यावर शेवाळ. पडताना तिनं हात टेकला आणि मनगट मोडलं. अगदी त्या डॉक्टरनं सांगितलेल्या क्रमानं. मणका, मनगट. पुढं काय ते आम्हा दोघींनाही पाठ होतं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालताना ती ओरडली नाही. मला फक्त म्हणाली, "आता खुबाच राहिलाय की."

भाऊ आला हैदराबादहून. अण्णा अक्काहून लहान आणि माझ्याहून मोठा. ठेकेदारी करतो. दोन वर्षांत त्यानं अक्काकडं वाकडी वाट केली नव्हती, पण आला तो कारमधून, आणि येताना त्याच महागड्या नावाच्या गोळ्यांचा डबा घेऊन. सगळी गल्ली गोळा झाली होती. सगळ्यांसमोर तो मला म्हणाला, "सस्त्याच्या नादात हात मोडलीस तिचा. जरा तरी लाज वाटू दे." शेजारणींनी माना डोलावल्या. राशनची गोळी, राशनची गोळी! चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मी तेव्हा बघितलं. ज्यानं कधी एक फोन केला नाही तो मला लाज शिकवतोय. पण खरी गोष्ट अशी की मलाही तेच वाटायला लागलं होतं. नसेल त्या गोळीत काही. खडूची असेल. आपण स्वतःच्या हातानं दोन वर्षं तिला खडू चारला असेल.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी त्या दुकानात गेले. काउंटरवर पट्टी आपटली. काय काय बोलले ते आता आठवून मान खाली जाते. खोटा माल, गरिबाच्या जिवाशी खेळ, तुमच्या घरच्यांना हीच देता का, सगळं बोलले. मागं रांगेत लोक उभे होते. ती बाई माझं बोलणं होईपर्यंत एका म्हाताऱ्याच्या शुगरच्या गोळ्या मोजत राहिली. त्याला पिशवी दिली. मग चष्मा काढून विचारलं, "गोळी कशी घेत्यात?"

"रिकाम्या पोटी. सकाळी. मी स्वतः देते, माझ्या डोळ्यांसमोर."

"कशासंगं?"

"चहासंगं."

तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "चहा घेतल्यावर पोट रिकामं कसं वो बाई?"

आता हे कुणाला सांगायचं! आमच्याकडं चहाला कुणी खाणं मानतच नाही. उपास धरलेली बाईसुद्धा दिवसभर चहा पिते आणि म्हणते सकाळपासून पोटात काही नाही. मी एवढी शिकलेली, पोरांना विज्ञान शिकवते, पण चहा म्हणजे रिकामं पोटच, हे माझ्या हाडात बसलेलं. बाईनं मला सावकाश समजावलं. ही गोळी फक्त साध्या पाण्यानं घ्यायची, पेलाभर. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी, यातलं काहीही संगं गेलं की औषध अंगाला लागतच नाही, आलं तसं निघून जातं. महाग असो का स्वस्त.

"हे आधी कुणी सांगितलं का न्हाई?" मी ओरडले, पण आवाजात आता दम नव्हता.

"मी सांगितलंय की," ती म्हणाली. "तुमच्या अक्काला. मागं एकदा त्याच आल्त्या पट्टी न्यायला. कागदावर लिहूनबी दिलंय, मराठीत, मोडकंतोडकं."

खरं होतं. वर्षापूर्वी अक्का एका लग्नाला बिदरला आली होती, माझी परीक्षेची ड्यूटी होती, आणि मी तिलाच पट्टी आणायला पाठवलं होतं.

टाय लावलेल्या त्या सगळ्या बॅगवाल्यांत, त्या डॉक्टरांत, त्या जिन्याखालच्या तोंडाळ माणसात, एकानंही जे सांगितलं नाही ते या स्वस्त दुकानातल्या बाईनं सांगितलं होतं, आणि मी तिलाच चारचौघांत शिव्या घालून बसले होते. मला माझी इतकी किळस आली की तिथं उभं राहवेना. मी माफी मागितली. ती "इरली बिडी" म्हणाली, असू दे म्हणून. मग तिनंच सांगितलं की मोडलंच आहे तर आता गोळीच्या भानगडीत पडू नका. वर्षाला एकदा द्यायचं सलाईन असतं, तेही जेनेरिक मिळतं, परवडतं. रक्त तपासून सरकारी दवाखान्यात देतात. डॉक्टरला विचारून घ्या.

वर्षाला एकदा! ऐकून मला जे हलकं वाटलं ते मी इथं लपवत नाही.

इतवारी गावी गेले. अण्णा निघायच्या तयारीत होता. मी त्याच्यासमोर आणि दोन शेजारणींसमोर सगळं सांगितलं. गोळी खोटी नव्हती, मी चहासोबत देत होते, चूक माझी. मला वाटलं होतं आता तो मला धुऊन काढेल. तो हसला! "चहानं हाड मोडतंय म्हणं! काय बी सांगतीस. तुझं ते राशनच खोटं." शेजारणीही हसल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी माझ्या तोंडानं गुन्हा कबूल करतेय आणि कुणी घ्यायला तयार नाही, कारण त्यांना तो स्वस्त गोळीच्याच माथी मारायचा होता. डबा ठेवून, "संपला की सांगा" म्हणून अण्णा गेला. पुढं तो डबा परत ने म्हणून सांगायला तीन वेळा फोन केला, त्यानं उचलला नाही, ते वेगळंच.

घरात आम्ही दोघीच राहिलो. अक्का प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती.

"तुला त्या बाईनं सांगितलं होतं?"

"व्हय."

"कागूद दिला होता?"

"हाय की. उशीखाली हाय."

माझा तोल गेला. "मग कामून बोलली न्हाईस? वर्षभर मी तुला वाया गोळ्या चारायलेय आन् तू गप गिळायलीस? हात मोडून घेतलीस! खुबा मोडला असता म्हंजे?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. दाराकडं बघत म्हणाली, "तू येतीस पाऊण घंट्यासाठी. त्यात गोळी घिऊन अर्धा घंटा तसंच बसायचं, मग तू कवा चहा पिणार आन् मी कवा? बस येती, तू पळतीस. सात दिवसांत तेवढाच चहा मी कुणासंगं पिते."

मी म्हटलं, "आधी घेऊन ठेवायचीस, मी यायच्या आत."

"गोळी तुझ्यापाशी."

तेही खरं. विश्वास नाही म्हणून मीच पट्टी नेली होती.

मग मी घाईघाईनं सलाईनचं सांगितलं. वर्षाला एकच, गोळीची कटकट नाही, पाण्याची नाही, वेळेची नाही. तुझा खुबा वाचेल. चांगल्या मनानं सांगत होते. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती सुई नगं मला. गोळीच असू दे. पाण्यानं घेते."

"कामून?"

"वर्साला एक सुई म्हंजे तू वर्साला एकदा."

"तसं न्हाई अक्का," असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण चिटगुप्प्याहून येताना खिडकीजवळ बसून मी आधीच ठरवून टाकलं होतं, मोकळ्या झालेल्या इतवारी काय करायचं. सकाळी आठपर्यंत झोपायचं. केसांना तेल लावायचं. शिकवणीची अजून एक तुकडी घ्यायची. सगळं ठरलं होतं. मी चहाची भांडी विसळायला घेतली.

सुई मी देवविलीच. भांडून, रडून, खाटेची भीती घालून. रक्त तपासलं, सरकारी दवाखान्यात दिवसभर बसलो, सलाईन लागलं. दोन दिवस ताप आला आणि उतरला. त्यानंतर दोन इतवार मी गेले. तिसऱ्याला परीक्षा होती, चौथ्याला पाहुणे. मग जायच्या ऐवजी रोज फोन करायला लागले, आणि तो रोजचा फोनही आठवड्याचा झाला.

आता दुसरी सुई होऊनही सात महिने झाले. हाड काही मोडलं नाही. अक्का ताठ चालते, नळावरून घागर आणते, तिला कुणी न्हाणीत नेत नाही. शाळेत कुणी विचारलं की मी मोठ्या तोंडानं सांगते, किती कमी पैशात झालं बघा, आणि त्या सगळ्या लुटारूंना शिव्या देते. बाया ऐकतात.

मागच्या इतवारी फोन केला. धुणं वाळत घालता घालता विचारलं, "कशी हायस अक्का?"

"बरी हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "सुईला अजून पाच महिने हायत. तवा येशील की."